अंडी लाखांनी, पिल्ले मूठभर: माशांची पुढची पिढी समुद्रात कशी ठरते

माशांची पुढची पिढी समुद्रात कशी ठरते, या तुम्ही विचारलेल्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करतो. पहिली: माद्या दरवर्षी साधारण तितकीच अंडी घालतात, तरी एका वर्षी लहान माशांचा सुकाळ आणि पुढच्याच वर्षी दुष्काळ, असे का? दुसरी: पिल्ले प्रवाहाबरोबर दूर वाहून जात असतील, तर एका ठिकाणी मासेमारी बंद ठेवण्याचा फायदा नेमका कुणाला? तिसरी: समुद्राची स्थिती पाहून पुढच्या काही वर्षांत मासा किती असेल ते आधी सांगता येते का?

माझ्या कामाची बरीच वर्षे बारीक जाळ्यांनी प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, गोळा करण्यात आणि मग त्यातून माशांची पिल्ले वेचून, ओळखून, मोजण्यात गेली. त्यावरून एक गोष्ट आधीच सांगतो. नकाशावर प्रवाहाचा बाण काढायचा, अंडी घातल्याची जागा आणि पिल्लांचे वय त्याला जोडायचे आणि 'पिल्ले इथून तिथे गेली' असे म्हणून मोकळे व्हायचे, ही या विषयातली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. प्रवाह महत्त्वाचा आहेच. पण तो पिल्लाला कुठे नेतो याच्याइतकेच, तिथे त्याला खायला काय मिळते, तिथे ते किती दिवस अडकते आणि तेवढ्या दिवसांत त्याला कोण खाते, हेही पाहावे लागते. या चारही गोष्टींचा गुणाकार होतो. एक जरी शून्याजवळ गेली तरी बाकीच्या तीन कितीही चांगल्या असून उपयोग नाही.

शब्दांचे आधी ठरवून घेऊ. अंड्यातून बाहेर आलेल्या, तीन-चार मिलिमीटरच्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या अवस्थेला डिंभ म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे लार्व्हाच म्हणतात. डिंभावस्था संपवून जे पिल्लू आपल्या कायमच्या अधिवासात येऊन राहते, ते साठ्यात, म्हणजे त्या भागातल्या त्या जातीच्या माशांच्या एकूण संख्येत, दाखल झाले असे धरतात. या दाखल होण्याला मत्स्यशास्त्रात 'भरती' असा शब्द आहे, पण समुद्राबद्दल बोलताना भरती म्हटले की ओहोटी आठवते. म्हणून मी 'नवी भर' म्हणतो.

आता आकडेमोड, कारण ती नीट कळली की अर्धे कोडे सुटते. समजा दहा लाख डिंभ आहेत आणि रोज त्यांतले 10 टक्के मरतात. समुद्रात हे अजिबात जास्त नाही. चाळीस दिवसांनी उरतात सुमारे 14,800. आता हाच रोजचा मृत्युदर 10 ऐवजी 12 टक्के करा: उरतात जेमतेम 6,000. 8 टक्के करा: 35,000 च्या वर. म्हणजे रोजच्या दरात दोन टक्के इकडे किंवा दोन टक्के तिकडे, आणि शेवटी सहापट फरक. दर 10 टक्केच ठेवून डिंभावस्था फक्त दहा दिवसांनी लांबवली, तरी 14,800 चे 5,100 होतात. दिवस कशामुळे लांबतात? पाणी थंड असले, किंवा खाणे कमी मिळून वाढ मंदावली, की लांबतात. रोजच्या मृत्युदरातला दोन टक्क्यांचा फरक समुद्रावर जाऊन मोजणे जवळपास अशक्य असते. एवढ्या बारीक फरकावर अख्खी पिढी ठरते, म्हणून या विषयात शंभर वर्षे घालवूनही ठाम उत्तरे कमीच आहेत.

शंभर वर्षे म्हटले ते उगीच नाही. नॉर्वेच्या योहान योर्टने 1914 साली उत्तर युरोपातल्या मोठ्या मासेमारीच्या चढउतारांवर जो ग्रंथ लिहिला, तिथून हा विषय सुरू झाला. तोवर बहुतेकांची समजूत अशी की मासा कमी मिळतो तेव्हा तो दुसरीकडे गेलेला असतो. योर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेरिंग या माशाच्या खवल्यांवरची वलये मोजून माशांची वये काढली, तेव्हा निराळेच दिसले. 1904 साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षे जाळ्यात वरचढ होती. तिच्या मागच्या-पुढच्या पिढ्या तिच्यापुढे नगण्य. मासे कुठे गेले नव्हते, बहुतेक वर्षी ते निपजलेच नव्हते. योर्टने याची दोन कारणे सुचवली. एक, अंड्यातला बलक संपून डिंभाने पहिल्यांदा तोंडाने खायचे, त्या दिवसांत खाणे नसले तर पिढीच्या पिढी उपाशी मरत असावी. दोन, प्रवाह डिंभांना अशा जागी नेऊन टाकत असावेत जिथून परतीची वाट नाही. आजही आपण या दोन कल्पनांभोवतीच फिरतो आहोत.

उपासमारीची बाजू जरा सविस्तर सांगतो, कारण 'समुद्राची स्थिती' म्हणजे काय ते इथे स्पष्ट होते. डिंभाजवळ बलकाची शिदोरी असते ती थोड्या दिवसांची. ती संपल्यावर त्याला आपल्या तोंडात मावेल एवढ्याच आकाराचे काही लागते: कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जिवांची पिल्ले, काही एकपेशीय प्लवक. उष्ण पाण्यातल्या छोट्या डिंभाला दोन-तीन दिवस असे काही मिळाले नाही, की मग पुढ्यात खाणे आले तरी ते खाण्याची ताकद उरत नाही. आणि त्याची नजर पोहोचते ती फार थोड्या अंतरावर. म्हणून समुद्रात एकूण खाणे किती, हा प्रश्न त्याच्या कामाचा नाही. त्याच्या डोळ्यांसमोरच्या थेंबभर पाण्यात किती, हा प्रश्न आहे.

रूबेन लास्करने 1970 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हे फार सुंदर रीतीने दाखवले. त्याने प्रयोगशाळेत अँकोव्ही या छोट्या माशाचे डिंभ वाढवले, ते जहाजावर नेले आणि समुद्राच्या वेगवेगळ्या खोलीवरच्या पाण्यात सोडून ते खातात का पाहिले. पृष्ठभागावरच्या पाण्यात ते जवळपास खातच नव्हते. काही मीटर खाली मात्र प्लवकाचा एक पातळ दाट थर होता, त्या पाण्यात ते पोट भरून खात होते. मग वादळ आले, पाणी घुसळले गेले आणि तो थर मोडला. प्लवक संपले नव्हते, नुसते पसरून विरळ झाले होते. पण डिंभांच्या दृष्टीने ताट उपडे झाले. यावरून लास्करने मांडले की वारा शांत राहून पाण्याचे थर टिकले, तर पिढी तगते. मला हा प्रयोग शिकवायला सर्वांत आवडतो, कारण उपग्रहाच्या चित्रात वादळाआधीचा आणि नंतरचा समुद्र सारखाच हिरवा दिसला असता.

अन्नाची वेळ ही याचीच दुसरी बाजू. मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड कुशिंगने मांडलेला विचार असा: समशीतोष्ण समुद्रात मासे विणीचा हंगाम बहुतेक ठरावीक काळातच पाळतात, पण वसंतातला प्लवकाचा बहर कधी येईल हे ऊन, वारा आणि पाण्याच्या थरांवर ठरते. दोन्ही जुळले तर पिढी मोठी, चुकले तर लहान. बरीच वर्षे हे तर्काला पटत होते, पण पुरावा अपुरा होता. 2003 मध्ये ट्रेव्हर प्लॅट आणि सहकाऱ्यांनी कॅनडाजवळच्या नोव्हा स्कोशियाच्या भूखंडमंचावरच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातल्या) हॅडॉक माशासाठी उपग्रहांच्या नोंदी तपासल्या. हॅडॉकच्या पिल्लांची तगण्याची मात्रा 1981 आणि 1999 या दोन वर्षी विलक्षण जास्त होती, आणि त्याच दोन्ही वर्षी बहर नेहमीपेक्षा लवकर आला होता. बहर लवकर येणे म्हणजे लवकर आणि उशिरा जन्मलेल्या, दोन्ही डिंभांना खाणे मिळणे.

मग वारा जितका कमी तितके चांगले का? नाही. किनाऱ्याला समांतर, योग्य दिशेने वाहणारा वारा पृष्ठभागावरचे पाणी आडवे समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. तो वाराच नसेल तर प्लवकाला खत मिळणार नाही. तोच वारा जोराचा झाला तर थर मोडतात, आणि वरच्या पाण्याबरोबर डिंभही खुल्या समुद्रात फेकले जातात. फिलिप क्यूरी आणि क्लोद रॉय यांनी 1989 मध्ये खालचे पाणी वर येणाऱ्या अशा निरनिराळ्या किनाऱ्यांवरच्या सार्डिन-अँकोव्हींच्या नोंदी एकत्र पाहिल्या, तेव्हा सेकंदाला सुमारे 5 ते 6 मीटर वाऱ्याला नवी भर सर्वांत चांगली दिसली. त्याच्या अलीकडेही कमी, पलीकडेही कमी. लहानशा खळबळीचेही असेच असते. थोडी खळबळ डिंभ आणि त्याचे भक्ष्य यांची गाठ जास्त वेळा घालून देते. जास्त झाली तर समोर आलेला घास पकडण्याआधीच निसटतो. अँड्र्यू बाकुनने याचे तीन घटकांत सार केले, आणि कुठलाही नवा किनारा समजून घेताना मी आजही तेच तीन प्रश्न विचारतो: इथले पाणी सकस कशाने होते, खाणे एका जागी गोळा कशाने होते, आणि डिंभ इथे टिकून कशाने राहतात?

तापमानाबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, आणि त्यावर एकच एक नियम सांगायला मी तयार नसतो. पाणी ऊबदार असले की डिंभ लवकर वाढतो, धोक्याचे दिवस घटतात, वाहून जाण्याचे अंतरही घटते; पण त्याची भूकही वाढते, म्हणजे तेवढेच खाणे आता कमी पडते. अलास्काच्या आखातात 2014 ते 2016 या काळात समुद्र विलक्षण तापला. पॅसिफिक कॉडच्या अंड्यांना थंड पाण्याचा अगदी अरुंद पट्टा मानवतो. नवी भर कोसळली, मोठे मासेही उपासाने गेले आणि 2020 मध्ये तिथल्या अमेरिकी संघराज्याच्या हद्दीत कॉडची थेट मासेमारी बंद ठेवावी लागली. उलट उत्तर समुद्रातला प्लेस नावाचा चपटा मासा पाहा. त्याच्या सर्वांत मोठ्या पिढ्या 1963 आणि 1996 सारख्या कडाक्याच्या हिवाळ्यांनंतर आल्या. थंडीत डिंभ हळू वाढले हे खरे, पण उथळ किनाऱ्यावर त्यांना खाणाऱ्या कोळंब्याही त्या थंडीने घटल्या आणि उशिरा आल्या. तापमान डिंभावर थेट काय करते हे प्रयोगशाळेतल्या टाकीत कळते. त्याच्या शत्रूवर काय करते हे टाकीत दिसत नाही.

आता वाहून जाण्याचा भाग. पहिले काही दिवस डिंभ खरोखरच प्रवाहाच्या हवाली असतो. इतक्या लहान जिवाला पाणी आपल्यासारखे पातळ लागत नाही, पाकासारखे लागते. शेपटी हलवायची थांबवली की तो जागच्या जागी थबकतो. पण आडवे पोहणे जमत नसले तरी वर-खाली जाणे त्याला लवकर जमते, आणि सगळी मेख तिथे आहे. समुद्र म्हणजे एका दिशेने वाहणारी नदी नव्हे. वरचा थर वाऱ्याने समुद्राकडे चाललेला असतो, त्याच वेळी खालचा थर किनाऱ्याकडे येत असतो. तळालगत पाणी घर्षणाने मंदावते. डिंभ रात्री वर आणि दिवसा खाली असेल, तर तो दोन विरुद्ध पट्ट्यांवर आळीपाळीने बसतो आणि फारसा कुठे जात नाही. खाडीत शिरणारी काही पिल्ले तर भरतीला वर येतात आणि ओहोटीला तळाशी दबून बसतात; एका थेंबाचीही ताकद न घालवता आत आत सरकत राहतात. अशा डिंभाची वाट पृष्ठभागावरच्या प्रवाहाच्या बाणावरून काढली, तर उत्तर थोडेफार चुकत नाही, दिशाच चुकते.

माझे सुरुवातीचे नकाशे याच कारणाने चुकले. त्यांत मी डिंभ पृष्ठभागावर धरले होते. नकाशाप्रमाणे ते शेकडो किलोमीटर दूर असायला हवे होते. प्रत्यक्षात वेगवेगळ्या खोलीवर उघडमिट होणारी जाळी वापरल्यावर ते अंडी घातली त्या भागाच्या आसपासच, बरेच खाली सापडले. तेव्हापासून कुणी संगणकावरच्या प्रतिरूपाचा (मॉडेलचा) निकाल दाखवला की मी पहिला प्रश्न विचारतो: खोली काय धरली आहे?

भोवरे आणि दोन पाण्यांच्या सीमा यांचेही असेच. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांच्या बाहेरून जोरदार प्रवाह जातो, आणि त्याच्या कडेला भोवरे तयार होतात. भोवऱ्यात अडकलेले डिंभ किनाऱ्यापासून लांब जात नाहीत, आणि आत खाणे दाट असल्याने जास्त वेगाने वाढतात. टी. डी. आयल्स आणि मायकेल सिंक्लेअर यांनी 1982 मध्ये अटलांटिक हेरिंगबद्दल याहून पुढचा विचार मांडला: हेरिंगचे निरनिराळे साठे अशाच जागी अंडी घालतात जिथे भरती-ओहोटीने पाणी घुसळले जाऊन डिंभ टिकून राहतात, आणि साठा किती मोठा होऊ शकतो हे त्या टिकवणाऱ्या जागेच्या आकारावर ठरते. म्हणजे माशाने विणीची जागा निवडली ती जवळपास खाणे आहे एवढ्यासाठी नव्हे, तर तिथले पाणी पिल्लांना हातचे जाऊ देत नाही म्हणून. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. विणीच्या जागा दिसायला इतक्या साध्या असतात की तिथे खोदकाम किंवा बांधकाम झाल्याने काय गेले हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

डिंभ मोठा झाला की चित्र पुन्हा पालटते. प्रवाळखडकांवरच्या माशांचे शेवटच्या अवस्थेतले डिंभ जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचे असतात. इल्योना स्टोबुत्झ्की आणि डेव्हिड बेलवूड यांनी 1997 मध्ये ते वाहत्या पाण्याच्या कालव्यात न खाऊ घालता पोहायला लावले. सरासरी अंतर 40 किलोमीटरच्या आसपास निघाले, आणि काही जातींनी 90 किलोमीटरही ओलांडले. एवढे जोरकस पोहणारा जीव कुठे जायचे हेही ओळखतो. खडकावरच्या कोळंब्यांची आणि माशांची कडकड-गुरगुर ध्वनिक्षेपकातून ऐकवली, तर त्या जागी जास्त पिल्ले येऊन वसतात, हे 2005 मध्ये दिसले. 2007 मध्ये काही जातींचे डिंभ आपल्या खडकाच्या पाण्याचा वास ओळखून त्याकडे वळतात असे आढळले. 2013 मध्ये सूर्याच्या दिशेवरून वाट धरणारेही सापडले. (समुद्राची आम्लता वाढल्याने माशांच्या पिल्लांचे वास ओळखणे बिघडते, असे बरेच गाजले होते. 2020 मध्ये मोठ्या प्रमाणावर तसे प्रयोग पुन्हा केले गेले तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून मी तो मुद्दा आता वापरत नाही. पाणी तापणे आणि खडकच मरणे ही चिंतेची कारणे त्याहून कितीतरी पक्की आहेत.)

तर मग पिल्ले नेमकी किती दूर जातात? हा तुमचा दुसरा प्रश्न, आणि यावर गेल्या पंचवीस वर्षांत आमची समजूत सर्वांत जास्त बदलली. 1999 पर्यंत बहुतेकांना वाटे की प्रवाळखडकावर येणारी पिल्ले लांबून कुठून तरी आलेली असतात. जेफ्री जोन्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटावर डॅमसेल माशांच्या एक कोटीहून जास्त अंड्यांतल्या भ्रूणांच्या कानातल्या खड्यांवर टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची खूण केली. मग नव्याने आलेली 5,000 पिल्ले तपासली, आणि त्यांत 15 खुणेची निघाली. पंधरा म्हणजे थोडी वाटतात. पण एकूण अंड्यांपैकी फार लहान हिश्श्यालाच खूण केलेली होती. तो हिशेब लावला तर 15 ते 60 टक्के पिल्ले घरचीच ठरतात. 2007 मध्ये पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात माद्यांना बेरियम या मूलद्रव्याचे खूण म्हणून ओळखता येणारे रूप (समस्थानिक) टोचून तोच प्रश्न विचारला गेला. क्लाउनफिशचा डिंभ सुमारे 11 दिवस पाण्यात तरंगतो, एका जातीच्या बटरफ्लायफिशचा सुमारे 38 दिवस. त्या इवल्याशा बेटाच्या खडकावर येऊन वसलेल्या दोघांच्याही पिल्लांपैकी साधारण 60 टक्के तिथेच जन्मलेली होती. 38 दिवसांत प्रवाहाने त्यांना कुठच्या कुठे नेता आले असते, पण ती गेली नाहीत. तरंगण्याचे दिवस जास्त म्हणजे अंतर जास्त, हे सोपे गणित इथे मोडले.

घरी न परतणारी पिल्ले कुठे जातात, तर बरीचशी शेजारी. ग्रेट बॅरियर रीफच्या केपेल बेटांवर 2012 मध्ये ह्यूगो हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी पिल्लांचे डीएनए मोठ्या माशांच्या डीएनएशी जुळवून आई-बाप शोधले. मासेमारी बंद असलेले भाग तिथल्या खडकांच्या 28 टक्के होते, पण 30 किलोमीटरच्या परिघात नव्याने आलेल्या पिल्लांपैकी जवळपास निम्मी त्या भागांतल्या माशांची होती. आणि ती बंद भागात तशीच मासेमारी चालणाऱ्या भागातही वसली होती. म्हणून बंद क्षेत्राचा फायदा कुणाला, याचे उत्तर: आधी त्या जागेला, आणि मग तीसेक किलोमीटरांच्या आतल्या शेजाऱ्यांना. शंभर चौरस किलोमीटरचा एकच बंद तुकडा ठेवण्यापेक्षा तेवढेच क्षेत्र थोड्या थोड्या अंतरावरच्या तुकड्यांत वाटणे मला जास्त सयुक्तिक वाटते, निदान खडकांवरच्या माशांसाठी.

पण हे सगळ्या माशांना लागू करू नका. ईशान्य आर्क्टिकचा कॉड नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळ अंडी घालतो आणि डिंभ किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने शेकडो किलोमीटर उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात पोहोचतात. त्याची विणीची जागा ही त्या वाहत्या पट्ट्यावर चढण्याची जागा आहे. जपानी ईल या सापासारख्या लांब माशाचे याहून नाजूक. ती मारियाना बेटांच्या पश्चिमेला अंडी घालते. डिंभ आधी पश्चिमेकडे वाहतात आणि पुढे तो प्रवाह दोन फाट्यांत फुटतो: एक कुरोशियो उत्तरेला पूर्व आशियाकडे, दुसरा मिंडानाओ दक्षिणेला. एल निनोच्या वर्षी पाण्याच्या खारटपणाची सीमा दक्षिणेला सरकते, विण तिच्याबरोबर सरकते आणि जास्त डिंभ चुकीच्या फाट्याला लागतात. अशा माशासाठी योर्टची दुसरी कल्पना शब्दशः खरी आहे. एवढे अंतर कापणाऱ्या माशाला एका खडकाभोवतीचे बंद क्षेत्र वाचवू शकत नाही.

तिसरा प्रश्न, अंदाजाचा. इथे मला सावध करावेसे वाटते. अमुक खाडीचे तापमान आणि तमुक माशाची नवी भर यांचा आलेख छान जुळतो, असे निष्कर्ष शेकड्याने निघाले आहेत. रॅन्सम मायर्सने 1998 मध्ये असे जुने संबंध नंतरच्या वर्षांच्या आकड्यांवर पुन्हा तपासले, आणि त्यांतले बहुतेक टिकले नाहीत. जे टिकले ते बऱ्याचदा त्या जातीच्या वसतिस्थानाच्या काठावरचे होते, म्हणजे जिथे मासा आधीच सोसण्याच्या कडेला आहे आणि एकच घटक जीवघेणा ठरतो. मधल्या भागात दरवर्षी वेगळ्याच कारणाने पिढी बुडते: एकदा वादळ, एकदा उशिरा बहर, एकदा जेलीफिशचे थवे.

म्हणून व्यवस्थापकांना मी सांगतो की वाईट वर्ष टाळता येणार नाही, पण ते निभावून नेणारे मासे पाण्यात ठेवता येतात. वीस-तीस वर्षे जगणारी मादी एका चांगल्या वर्षाची वाट पाहू शकते. शिवाय वेगवेगळ्या वयाच्या माद्या हंगामात वेगवेगळ्या वेळी अंडी घालतात, म्हणजे बहर लवकर आला काय आणि उशिरा आला काय, कुणाची तरी पिल्ले त्यात सापडतात. स्टीव्हन बर्कली आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ब्लॅक रॉकफिशबद्दल दाखवले की म्हाताऱ्या माद्यांचे डिंभ तरुण माद्यांच्या डिंभांपेक्षा तिपटीहून वेगाने वाढतात आणि उपाशी राहून दुपटीहून जास्त काळ तगतात. लास्करच्या त्या वादळात अशा दोन डिंभांपैकी कोणता वाचला असता, हे सांगायला नको. आपण मासेमारीत नेमके हेच मोठे, जुने मासे आधी काढतो. मग साठ्याचे एकूण वजन ठीक दिसत असले, तरी तो आता दरवर्षीच्या हवामानाच्या हाती गेलेला असतो.

आणि अंदाज खरोखर हवा असेल, तर समुद्राकडे पाहून तो बांधण्यापेक्षा धोक्याचे दिवस पार करून आलेली पिल्ले मोजा. याचे सर्वांत चांगले उदाहरण माशाचे नाही, शेवंडीचे (लॉब्स्टरचे) आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शेवंडीचे डिंभ 9 ते 11 महिने हिंदी महासागरात खूप आतवर भटकतात आणि मग किनाऱ्याकडे परत येतात. ला निनाच्या वर्षी तिथला लीविन प्रवाह जोरात असतो, आणि तेव्हा जास्त पिल्ले परतताना दिसत. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे किनाऱ्यालगत कृत्रिम समुद्रशेवाळाचे झुबके टांगून त्यांवर येऊन बसणारी पिल्ले नियमाने मोजली जातात. आज मोजलेली पिल्ले तीन-चार वर्षांनी पकडीत येतात, त्यामुळे पकड किती असेल ते तितकी आधी कळते. 2008-09 च्या हंगामात हा आकडा तोवरच्या सगळ्या नोंदींत सर्वांत खाली गेला. प्रवाहाशी जुळणारा जुना संबंध त्या वर्षांत लागू पडेना. पण झुबक्यांवरची मोजणी हातात होती. तिच्यावर विसंबून ती कमजोर पिढी पकडीच्या वयाला येण्याआधीच मासेमारीवर मोठी कपात केली गेली, आणि अंडी घालणाऱ्या माद्यांचा साठा टिकून राहिला.